लॅबमध्ये शिरायचं कसं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच विषयावर आहेत, लाइफ सायन्सेसमध्ये ग्रॅज्युएशन करता करता रिसर्च करायला मिळतो का, मिळतो तर कसा आणि मिळाल्यावर पुढे काय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढून टाकलीत, आणि मजकूर थोडा छाटलाय.

प्रश्न : सेकंड इयरला आहे, बायोटेक. मार्क बरे आहेत पण टॉपर वगैरे नाही. आमच्या युनिव्हर्सिटीतल्या खूप प्रोफेसरांना मेल केला, सोबत जोडलाय, एकाचंही उत्तर नाही. लॅबमध्ये फक्त टॉपरनाच घेतात का?

नाही रे. टॉपर असून महिनाभरात कंटाळून गायब झालेली मुलं सगळ्यांनी पाहिलेली असतात, त्यामुळे मार्कांवर कोणी तेवढं भाळत नाही. उत्तर का आलं नाही ते तुझा मेल वाचून कळलं. 'रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम' अशी सुरुवात, मग बायोलॉजीबद्दल किती पॅशन आहे ते, मग शाळेपासूनची बक्षिसं. त्यात समोरच्याच्या कामाबद्दल एक अक्षर नाही, हाच मेल मलेरियावाल्यांनाही चालेल आणि शेवाळावाल्यांनाही चालेल, आणि हे वाचणाऱ्याला दुसऱ्या ओळीतच समजतं.

चार-पाच लॅब निवड, बास. प्रत्येकीचा गेल्या एक-दोन वर्षातला एक पेपर काढ, ॲबस्ट्रॅक्ट वाच आणि मग सरळ फिगर्स बघत जा, सगळं कळणार नाही, कळायची गरजही नाही. एखाद्या फिगरपाशी अडशील, तिथलाच प्रश्न मेलमध्ये टाक. म्हणजे असं काहीतरी : 'तुमच्या पेपरच्या तिसऱ्या फिगरमध्ये म्युटंटची मुळं आखूड दिसतात आणि फॉस्फेट वाढवल्यावर परत लांब होतात, नायट्रेट वाढवून पाहिलं होतं का?' प्रश्न बाळबोध असला तरी चालतो, वाचून विचारलाय एवढं दिसलं पाहिजे. पुढे दोन ओळीत तू कोण, कुठले प्रॅक्टिकल झालेत, आठवड्याला किती तास देऊ शकतोस आणि किती सेमिस्टर. सोबत एका पानाचा सीव्ही, मार्कलिस्ट, आणि जे जवळजवळ कोणीच जोडत नाही ते म्हणजे कॉलेजचं टाइमटेबल.

टाइमटेबल का, तर बघ, एक पीसीआर (डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य कॉपी काढायची रिअ‍ॅक्शन) लावायचा म्हणजे तयारी धरून दोन-अडीच तास, मग जेल (त्यात ते तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होऊन पट्टे, म्हणजे बँड दिसतात) पाऊण तास, मग फोटो, मग नोटबुक. रोज एकेक तास मोकळा असलेला मुलगा लॅबच्या फारसा कामाचा नसतो, पण आठवड्यात दोन दुपारी सलग मोकळा असलेला असतो, मग त्याचे मार्क चार कमी का असेनात. आणि सेमिस्टर किती ते यासाठी की तुला शिकवण्यात कोणाचे तरी पहिले काही आठवडे जाणार, त्या काळात त्या माणसाचं स्वतःचं काम मागे पडतं, तू तीन महिन्यात निघून जाणार असशील तर तो सौदा त्याला तोट्याचाच.

दहाएक दिवस थांब, उत्तर नाही आलं तर त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण कर, एकदाच. तरी नाही तर सोड आणि पुढची लॅब बघ. आणि सध्या जे तुला शिकवतायत त्यांच्यापैकी कोणाची लॅब आहे का बघितलंस? वर्गानंतर दोन मिनिटं थांबून विचारणं हे दहा मेलपेक्षा भारी पडतं, पण सगळ्यांना लाज वाटते.

प्रश्न : मी फर्स्ट इयरला आहे. मला अजून काहीच येत नाही, पिपेटसुद्धा एकदाच हातात घेतलंय. थर्ड इयरपर्यंत थांबून, शिकून मग लॅबमध्ये जाऊ का?

थांबू नकोस. कॉलेजमध्ये शिकून झालं की मग लॅब असा क्रम नसतो, लॅबमध्ये लागणारं बरंचसं लॅबमध्येच शिकतात, थर्ड इयरला गेलीस तरी पहिला महिना तुला पिपेटच शिकवणार आहेत. १९११ मध्ये कोलंबिया युनिव्हर्सिटीत जेनेटिसिस्ट मॉर्गनच्या फळमाश्यांच्या लॅबमध्ये आल्फ्रेड स्टर्टेव्हंट नावाचा ग्रॅज्युएशनचा मुलगा होता, त्याने कॉलेजचा होमवर्क बाजूला ठेवून जवळजवळ एका रात्रीत क्रोमोसोमवर जीन्स कुठल्या क्रमाने बसलेत त्याचा पहिला नकाशा काढला. अर्थात सगळे स्टर्टेव्हंट नसतात, पण सगळं शिकून मग तिथे गेला असं काही नव्हतं एवढंच म्हणायचंय.

पिपेटची भीती घालवायची तर एक साधी युक्ती. शंभर मायक्रोलिटर पाणी म्हणजे जवळपास शंभर मिलिग्रॅम. प्रॅक्टिकलच्या तासाला चांगला वजनकाटा मिळाला की त्यावर छोटी ट्यूब ठेव, काटा शून्यावर आण, शंभर मायक्रोलिटर टाक, आकडा लिही, परत टाक, परत लिही. दहा वेळा केलंस की कळेल हात कुठे हलतोय, बहुतेकांचा अंगठा पिपेटच्या बटणाच्या पहिल्या स्टॉपच्या पुढे जातो आणि जास्त पाणी ओढलं जातं. हे आकडे घेऊन कोणी इंटरव्ह्यूला आलं तर मी तरी तिला लगेच घेईन.

प्रश्न : दोन लॅबमधून होकार आलाय. एक खूप मोठं नाव, पंचवीस माणसं, पेपर भारी जर्नल्समध्ये. दुसरी नवीन, चारच जण. सगळे म्हणतायत मोठी घे. तुम्ही काय म्हणाल?

मी म्हणेन नाव सगळ्यात शेवटी बघ. मोठ्या लॅबमध्ये पीआय, म्हणजे लॅबचे मुख्य प्राध्यापक, तुला पंधरा दिवसातून एकदा कॉरिडॉरमध्ये दिसतील. तुझा दिवस चांगला जाणार की वाईट हे ठरवणार तुझ्या बाजूच्या बेंचवरचा पीएचडीवाला किंवा पोस्टडॉक, म्हणजे पीएचडी झाल्यावर तिथे काम करणारा. तो नीट समजावून सांगणारा असेल तर कुठलीही लॅब चांगली, आणि त्याला तू म्हणजे डोक्याला ताप वाटत असशील तर नोबेलवाल्यांची लॅब असली तरी तू वर्षभर पिपेटचे टिपबॉक्स भरत बसशील.

म्हणून दोन्हीकडे आधी विचार की मला रोज कोण शिकवणार आणि त्यांना एकदा भेटता येईल का. भेटलास की त्यांनाच विचार, अजून किती दिवस आहेत ते लॅबमध्ये, कारण पोस्टडॉकला दुसरीकडे नोकरी लागली की तो जातो आणि तुझा प्रोजेक्ट मधेच लटकतो. लॅब मीटिंगला बसू देतात का ते विचार. आधीच्या ग्रॅज्युएशनच्या मुलांनी तिथे काय काम केलं, कोणी पोस्टर वगैरे लावला का, तेही विचार. आणि सध्या तिथे असलेल्या एखाद्या मुलाला बाहेर चहाला गाठ, तो 'ठीक आहे' म्हणताना कसं म्हणतो ते ऐक, त्यात बरंच कळतं.

नवीन लॅबमध्ये पीआय स्वतः बेंचवर उभे असतात, तुला थेट त्यांच्याकडून शिकायला मिळतं, हा फायदा लोक विसरतात. तोटा असा की प्रोटोकॉल बसलेले नसतात, मशीन यायची असते, ऑर्डर अडकलेली असते. तुझा स्वभाव कसा आहे त्यावर बघ.

प्रश्न : फक्त सुट्टीतले आठ आठवडे आहेत. तेवढ्यात काही खरं काम होतं का?

होतं, पण कशावर काम करतेयस त्यावर फार अवलंबून आहे आणि हे आधी कोणी सांगत नाही. आठातला पहिला आठवडा सेफ्टी ट्रेनिंग, ओळखपत्र आणि प्रायमर (पीसीआरला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) येण्याची वाट बघण्यात जातो, शेवटचा पोस्टर आणि प्रेझेंटेशनमध्ये. उरले सहा, त्यातला एक काहीतरी बिघडण्यासाठी सोडून दे.

आता पाच आठवड्यात काय बसतं? ई. कोलाय चांगल्या मीडियात वीसेक मिनिटात दुप्पट होतो, यीस्टला दीड तास, त्यामुळे बॅक्टेरिया-यीस्टवर एखादा प्रयोग चार वेळा परत करून बघता येतो. सी. एलिगन्स हा छोटा जंत वीस डिग्रीला साडेतीन दिवसात अंड्यापासून मोठा होतो, तोही मस्त. फळमाशीची एक पिढी पंचवीस डिग्रीला साधारण दहा दिवस, म्हणजे दोन-तीन क्रॉस (ठरवून लावलेल्या माश्यांच्या जोड्या), जमेल पण पहिल्या दिवसापासून हिशोब पाहिजे. अरॅबिडॉप्सिसला, म्हणजे लॅबमध्ये वापरतात त्या छोट्या रोपाला, बी ते बी सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणजे तू पेरून घरी जाशील आणि बी दुसराच कोणी काढेल, तिथे रोपांवर काम माग, मुळांची लांबी वगैरे, ते दहा दिवसात दिसतं. उंदरांमध्ये नुसती गर्भाची वाढच तीन आठवडे, तिथे सुट्टीत नवीन काही सुरू करू नये, आधीच ठेवलेले टिश्यू, स्लाइड असतील तर हो म्हण.

फॉर्मल समर प्रोग्राम घेणार असशील तर अर्ज बरेच महिने आधी बंद होतात, सुट्टी तोंडावर आल्यावर शोधून उपयोग नाही. हे प्रोग्राम काही नवीन नाहीत, कोल्ड स्प्रिंग हार्बर लॅबोरेटरीचा १९५९ पासून चालू आहे, दहा आठवड्यांचा असतो.

प्रश्न : दोन महिने झाले, एका झाडाच्या डीएनएचा पीसीआर लावतोय, बँडच येत नाही. माझ्यानंतर आलेल्या मुलीचे रिझल्ट यायला लागले. सीनियर काही बोलत नाही पण मला वाटतंय मला रिसर्च जमणार नाही. सोडू का?

पीसीआर आला नाही म्हणून रिसर्च सोडायचा झाला तर जगातल्या निम्म्या लॅबना कुलूप लागेल. आधी बँडचं बघू, मनाचं नंतर.

जेलवर लॅडर (मापासाठी लावलेले माहीत लांबीचे डीएनएचे तुकडे) नीट दिसतोय ना? नसेल तर पीसीआरचा दोषच नाही, जेल किंवा स्टेन (डीएनए दिसण्यासाठीचा रंग) बघ. लॅडर आहे, मग पॉझिटिव्ह कंट्रोल लावतोयस का, म्हणजे असा डीएनए आणि प्रायमर जो लॅबमध्ये कोणाचातरी नक्की चालतो? तू लिहिलंयस त्यात त्याचा उल्लेखच नाही आणि मला शंका आहे की लावतच नाहीस. तो चालला तर तुझं मिक्स, मशीन, हात सगळं ठीक आहे, प्रश्न तुझ्या डीएनएत किंवा प्रायमरमध्ये आहे. तो नाही चालला तर एंझाइम, बफर नवीन घे आणि परत.

आता झाडाचा डीएनए म्हणतोयस, तिथे एक जुनं दुखणं आहे. पानातून डीएनए काढताना पॉलिसॅकराइड आणि पॉलिफेनॉल सोबत येतात आणि ते पॉलिमरेजला, म्हणजे कॉपी काढणाऱ्या एंझाइमला, काम करू देत नाहीत. मुलं अशा वेळी डीएनए अजून वाढवतात, त्यासोबत घाणही वाढते. उलट कर. दहापट पातळ कर, शंभरपट पातळ कर, मूळचा धरून तिन्ही शेजारी शेजारी लाव. पातळ केल्यावर बँड येतो आणि माणूस चक्रावतो, पण कारण एवढंच की डीएनएची एक कॉपीसुद्धा पुष्कळ असते आणि अडवणारा पदार्थ मात्र कमी झालेला असतो. तरी नाही आला तर ॲनीलिंगच्या, म्हणजे प्रायमर डीएनएला चिकटतो त्या टप्प्याच्या, टेंपरेचरचा ग्रेडियंट लाव, प्रायमरच्या टीएमच्या (ज्या टेंपरेचरला तो सुटायला लागतो त्याच्या) पाचेक डिग्री खालून सुरू कर. एका वेळी एकच गोष्ट बदल आणि काय बदललं ते त्याच दिवशी नोटबुकात लिही, ट्यूबवरचा लॉट नंबरसुद्धा. आणि डीएनए न घातलेली एक ट्यूब प्रत्येक वेळी, त्यात बँड आला तर कंटॅमिनेशन आहे, मग बाकीच्या बँडचा आनंद मानायचा नाही.

हे सगळं एका कागदावर मांडून सीनियरकडे जा. 'चालत नाहीये' म्हणून गेलास तर तो 'परत लाव' म्हणेल. 'हे हे लावलं, इथपर्यंत ठीक आहे, इथे अडलंय' म्हणून गेलास तर तो खुर्ची ओढून बसेल. तो गप्प आहे याचा अर्थ नाराज आहे असं नाही, बहुतेक त्याचंही काहीतरी चालत नसेल.

आणि तू जो टॅक पॉलिमरेज वापरतोयस ना, तो ज्या बॅक्टेरियातून आला तो थर्मस ॲक्वाटिकस १९६६ मध्ये यलोस्टोनच्या गरम झऱ्यातून वेगळा काढणारा हडसन फ्रीझ तेव्हा ग्रॅज्युएशनचाच विद्यार्थी होता, इंडियाना युनिव्हर्सिटीत टॉमस ब्रॉकबरोबर काम करत होता. तेव्हा पीसीआर नव्हताच, त्यामुळे या जंतूचा पुढे काय उपयोग होईल हे त्या दोघांनाही माहीत असायचं कारण नव्हतं. सोडायचं की नाही ते बँड आल्यावर ठरव, आधी नको.

प्रश्न : माझी मुलगी युनिव्हर्सिटीत मायक्रोबायोलॉजी शिकते. एका लॅबमध्ये जाते, रात्री उशीर होतो, सुट्टीतही तिथेच. पैसे मिळत नाहीत. फुकट राबवून घेतायत असं वाटतं. ती म्हणते तुम्हाला कळणार नाही.

तुमची शंका रास्त आहे, आणि तुम्हाला कळणार नाही असं काही यात नाही. ग्रॅज्युएशनच्या मुलांना लॅबमध्ये तीन प्रकारे घेतात, पगार किंवा स्टायपेंड देऊन, क्रेडिट देऊन, नाहीतर व्हॉलंटियर म्हणून. एमआयटीत मार्गारेट मॅकव्हिकर यांनी १९६९ मध्ये यासाठी खास प्रोग्राम सुरू केला, यूरॉप म्हणतात त्याला, तिथेही हे तिन्ही प्रकार आहेत. त्यामुळे पैसे नाहीत म्हणजे फसवणूकच असं नाही, पण पैसे नाहीत आणि क्रेडिटही नाही असं वर्षभर चालू असेल तर मुलीने विचारायला हवं. पुष्कळ युनिव्हर्सिट्यांमध्ये यासाठी वेगळं ऑफिस आणि थोडाफार निधी असतो आणि पीआयना स्वतःहून आठवत नाही.

कॉलेज चालू असताना आठवड्याला आठ-दहा तास हे नॉर्मल. बॅक्टेरियाची वाढ दर तासाला मोजायची असेल तर एखादा दिवस लांबतो, तेही नॉर्मल. रात्री एकटी असणं मात्र नाही. ॲक्रिलामाइडसारखी केमिकल्स असतात, काही झालं तर बाजूला माणूस हवा, आणि कुठलीही बरी लॅब नवीन मुलांना रात्री एकटं काम करू देत नाही. हे तिला स्पष्ट विचारा.

राबवून घेतायत का हे ओळखायचं तर तिला कधी येणार असं विचारण्याऐवजी तुझ्या प्रयोगाचा प्रश्न काय आहे ते सांग म्हणा. दोन मिनिटात तुम्हाला समजेल असं सांगितलं तर ती रिसर्च करतेय. नुसतंच बाटल्या धुतल्या, ऑटोक्लेव्ह लावला, प्लेट ओतल्या असं निघालं आणि ते सहा महिने चालू असेल तर तिला कामवाली म्हणून ठेवलंय. धुणं वाईट नाही हां, त्याच मॉर्गनच्या लॅबमध्ये कॅल्विन ब्रिजेस बाटल्या धुवायलाच लागला होता आणि धुता धुता जाड काचेतून त्याला एक वेगळ्याच लाल डोळ्यांची माशी दिसली, म्हणून त्याला पुढचं काम मिळालं. पण मिळालं ना, तो मुद्दा आहे.

प्रश्न : आमची युनिव्हर्सिटी छोटी आहे, रिसर्च लॅब जवळजवळ नाहीतच. आम्ही काय करायचं?

कॉम्प्युटर आणि इंटरनेट आहे ना, मग निम्मं क्षेत्र उघडं आहे. जेनबँकमधले डीएनएचे सिक्वेन्स, प्रोटीन डेटा बँकेतली स्ट्रक्चर्स (ही तर १९७१ पासून आहे), २०२१ पासून अल्फाफोल्डचा डेटाबेस (कॉम्प्युटरने अंदाज केलेली प्रोटीनची स्ट्रक्चर्स), सगळं फुकट. आर किंवा पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिका, एखादा छापलेला पेपर घ्या ज्याचा डेटा खुला आहे, आणि त्यातली एक फिगर स्वतः परत काढून बघा. ऐकायला किरकोळ वाटतं, करायला घेतलं की महिना जातो, आणि तोच निकाल नाही आला तर तुमच्या हातात खरा प्रश्न पडला. बाहेरच्या लॅबला मेल करताना ही फिगर जोडा.

दुसरं म्हणजे प्रॅक्टिकलच बदलायला सांगा सरांना. उत्तर आधीच माहीत असलेले प्रयोग दर वर्षी करण्यापेक्षा सगळ्या वर्गाने मिळून उत्तर माहीत नसलेला एक करायचा. हॉवर्ड ह्यूज इन्स्टिट्यूटने २००८ मध्ये असाच कोर्स सुरू केला, पहिल्या वर्षाची मुलं माती आणून त्यातून बॅक्टेरियोफेज, म्हणजे बॅक्टेरियांवर हल्ला करणारे व्हायरस, शोधतात, नाव ठेवतात, जीनोम वाचतात. पीट्सबर्गचे ग्रॅहम हॅटफुल त्यामागे आहेत. त्यांच्याच संग्रहातला मडी नावाचा फेज २०१० मध्ये साउथ आफ्रिकेत क्वाझुलू-नाताल युनिव्हर्सिटीतल्या एका विद्यार्थिनीला कुजलेल्या वांग्यावर सापडला होता, आणि २०१८ मध्ये लंडनला एका पंधरा वर्षांच्या मुलीला कुठल्याच अँटिबायोटिकला दाद न देणारं मायकोबॅक्टेरियमचं इन्फेक्शन झालेलं होतं तेव्हा तिला दिलेल्या तीन फेजमधला एक हा मडी होता. तिची तब्येत बरीच सुधारली. वांगं उकरायला मोठी लॅब लागली नव्हती, पुढच्या कामाला लागली, ते खरं.

प्रश्न : एका फिगरसाठीचा सगळा डेटा मी गोळा केला. पेपरवर नाव येईल का? विचारायचं कसं, वाईट दिसेल ना?

वाईट दिसत नाही, उशिरा विचारलं तर मात्र दिसतं. बऱ्याच जर्नल्सच्या नियमांप्रमाणे लेखक व्हायला चार गोष्टी लागतात, प्रयोग आखण्यात, डेटा गोळा करण्यात किंवा ॲनालिसिसमध्ये भरीव वाटा, मजकूर लिहिणं किंवा सुधारणं, शेवटच्या प्रतीला मंजुरी, आणि कामाची जबाबदारी घेणं. तुझी पहिली झाली. म्हणून 'माझं नाव येणार का' यापेक्षा 'या पेपरवर लेखक म्हणून यायला मला अजून काय करावं लागेल, त्या फिगरची मेथड मी लिहू का' असं विचार. नाही म्हणाले तर आभारात नाव आणि विद्यार्थ्यांच्या कॉन्फरन्सला पोस्टर, हे माग.

प्रश्न : सीनियर म्हणतो तीन रिपीटपैकी एक पॉइंट काढून टाक, ग्राफ चांगला दिसतो. काढू का?

ग्राफ चांगला दिसतो हे कारण असेल तर नाही. ट्यूब फुटली, चुकीचा बफर पडला आणि ते त्या दिवशीच नोटबुकात लिहिलेलं असेल तर काढता येतो, तेही काढला असं सांगून. सीनियरशी भांडत बसू नकोस, 'चौथा आणि पाचवा रिपीट लावून बघते' म्हण, पॉइंट खरंच वेगळा असेल तर उघडा पडेल आणि नसेल तर तुमचा निष्कर्षच चुकीचा होता. तरीही काढच म्हणाला तर लॅब मीटिंगमध्ये पाचही पॉइंट दाखव.

प्रश्न : वर्ष झालं, विषयच आवडत नाहीये. लॅब सोडली तर रेकमेंडेशन लेटर मिळेल का?

मिळेल, सोडताना नीट सोडलंस तर. सेमिस्टर संपेपर्यंत थांब, पीआयना समोर जाऊन सांग, मेलवर नको. फ्रीझरमधल्या तुझ्या सगळ्या ट्यूबवर नाव, तारीख आणि आत काय आहे ते लिही, कुठल्या डब्यात काय त्याची यादी करून शिकवणाऱ्या पोस्टडॉकला दे, नोटबुक लॅबमध्येच ठेव, ती लॅबची असते. लेटर मागताना किमान तीन-चार आठवडे आधी माग, सोबत सीव्ही, कुठे अर्ज करतोयस त्याची यादी आणि लॅबमध्ये काय काय केलंस त्याचे पाच-सहा मुद्दे पाठव. ते लेटर बहुतेक वेळा आधी पोस्टडॉक लिहितो आणि पीआय सही करतात, म्हणून मुद्दे त्यालाही पाठव.